तात्यांचा माइक आणि माझा फ्लेक्स

फ्लेक्सवर नातीचा फोटो नको, असं तात्यांनी मला बजावून सांगितलं होतं. मी तो छापला. दहा बाय आठ. वर लाल अक्षरांत 'इशूला वाचवा' हेही माझ्याच मनाने टाकलं, आणि आता तात्या पाठ थोपटतील म्हणून घाटात जाताना धुतलेला शर्ट घालून गेलो.

घोडेगावात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. आमच्या आंबेगाव-जुन्नरकडे माणूस दहावी पास झाला, सोसायटीवर निवडून आला, पडला, वारला, काहीही झालं तरी फ्लेक्स लागतो. बैलांचेसुद्धा वाढदिवस असतात, आणि बैलाचा फोटो माणसापेक्षा चांगला येतो कारण तो गॉगल लावत नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून काय काय झालंय ते सांगत बसलो तर गिऱ्हाईक तुटेल. एकच सांगतो. एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मी चुकून बैलाच्या फाइलमधलं 'घाटाचा राजा, वादळी वेगाचा' छापलं. तो इतका खूश झाला की पुढच्या वर्षीही तेच छापायला लावलं. तेव्हापासून माझी समजूत झाली की लोकांना खरं नको असतं, मोठं हवं असतं. धंदा त्यावर चालला. तात्यांशी गाठ पडली तिथे अडला.

बबनतात्या शिनोलीचे. बैलगाडा शर्यतीचे निवेदक. ज्यांनी घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, घाट म्हणजे चढावर आखलेली सरळ धाव. खालून बैल सुटतात, वर निशाण पडतं, घड्याळवाले वेळ घेतात आणि निवेदक ती माइकवरून पुकारतो. एका धावेला बारी म्हणतात. बारीला लागतात मोजके सेकंद आणि त्या सेकंदांवरून माणसं वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. पण तात्यांनी पुकारलेल्या वेळेवर कुणी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही. "तात्यांनी सांगितलं ना? मग झालं," असं म्हणून हरलेला गाडामालकसुद्धा बैल सोडायला लागायचा.

माणूस किडकिडीत, आवाज मात्र अंगापेक्षा मोठा. आणि तो आवाज घरीही माइकवरच असायचा. सकाळी चुलीकडे बघत सुरू व्हायचे, "चहा उकळलेला हाय, चहा कपात सुटलेला हाय, बघा मंडळी, कप उंबऱ्यापर्यंत आलेला हाय..." आणि कप हातात पडला की "झाली ऽऽ!" तात्यांच्या मंडळी म्हणायच्या, "येक दिवस गपगुमान पिऊन दाखवा, म्या नारळ फोडीन." नारळ फोडायची वेळ त्यांच्यावर कितीतरी वर्षं आली नाही.

त्यांचं एक वाक्य अख्ख्या पंचक्रोशीला पाठ होतं. झालं असं की एका यात्रेत शेवटच्या बारीला तात्यांच्या सख्ख्या मेहुण्याचा गाडा होता. बैल असे आले की लोकांनी टोप्या उडवल्या, भंडारा उधळला, मेहुण्याला खांद्यावर घेतलं. तात्या माइकवर शांतपणे म्हणाले, "खाली उतरा मेहुणं. निशाणाच्या आत येक बैल फुटून धावंच्या भाईर गेलेला हाय. बारी बाद." खांद्यावरूनच मेहुणा ओरडला, "दाजी, सगळ्या जत्रंनं बघितलंय!" तात्या म्हणाले, "जत्रंला जे व्हावं वाटत व्हतं ते तिनं बघितलं. म्या झालं तेवढंच सांगतो. व्हावं वाटतं ते घरी जाऊन बायकूला सांगा."

मेहुण्याने बोलणं टाकलं. दिवाळीला बहिणीला न्यायला आला नाही. ते मिटवायला चार शहाण्या माणसांनी आमच्याकडचा नेहमीचा उपाय काढला, की मेहुण्याची मुलगी कविता तात्यांच्या पोराला करायची. मामाची मुलगी, घरातच देणं, घरातच घेणं. लग्नाचा फ्लेक्स मीच छापला आणि त्यात चूक झाली नाही, हे मुद्दाम नोंदवतो. सासू म्हणजे सख्खी आत्या मिळाल्यामुळे कविता पहिल्या दिवसापासून सासऱ्याला 'मामा'च म्हणायची आणि त्यांच्या चहाच्या बारीला सरळ हसायची.

इशू त्या दोघांची. ईश्वरी. टपोऱ्या डोळ्यांची, दाट भुवयांची, सुरुवातीला चांगली बडबडी. तिला भरवायचं काम तात्यांचं. "घास सुटलेला हाय, घास हनवटीपर्यंत आलेला हाय..." की ती तोंड उघडून 'झाई ऽऽ' करायची. तिसऱ्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायला फोटो माझ्याकडे आला तेव्हा मी म्हटलं होतं, ही पोरगी आजोबाचा माइक पळवणार.

चौथ्या वर्षी तिचे शब्द कमी व्हायला लागले. पोरांचे शब्द वाढतात, हिचे एकेक करून जात होते. आधी मोठे गेले, मग लहान. बोटं आखडायला लागली, झोप उडाली. घोडेगाव, मंचर, नारायणगाव असे डॉक्टर झाले, भीमाशंकरला अभिषेक झाला आणि शेवटी पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं. नाव इंग्रजी आणि लांबलचक. तात्यांनी ते कधी घेतलं नाही. मला समजावलं ते असं : "घरात रोज केर निघतो का नाय? तो उचलून टाकणारं माणूस आपल्या अंगात असतंय. हिच्या अंगात ते जलमापासनंच नाय. मग केर साचतोय. मेंदूत बी साचतोय. आई-बापाचं अर्ध-अर्ध जमून हे व्हतंय. दोगं येकाच घरातली, म्हून जमलं." मग म्हणाले, "जोडीला म्याच हो म्हनलं व्हतं राव." एवढं बोलून त्यांनी माझ्या दुकानातला पंखा बंद केला, कारण थंडी होती आणि मी तो उगाच चालू ठेवला होता.

मॅडमवर मात्र तात्यांचा जीव बसला. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "या आजारावर औषध नाही. उद्याही येणार नाही. मी खोटी आशा दाखवणार नाही." तात्या मला म्हणाले, "बाई घाटात उभी करावी अशी हाय. झालं तेवढंच सांगती."

त्या मॅडमचा एक अभ्यास चालू होता. असली पोरं गोळा करून, आजार कसा चढत जातो ते बघत राहायचं, रक्त तपासायचं, सगळं नोंदून ठेवायचं. उद्या कुणी औषध आणलं तर ते लागू पडतंय की नाही हे ठरवायला आधी एवढं माहीत हवं. पण मिळालेला निधी संपत आला होता. तपासणी करणाऱ्या मुलीचा पगार आणि लांबून येणाऱ्या आईबापांचं भाडं, यालाच पैसे नव्हते. मोठ्या कंपन्या फिरकत नव्हत्या. तात्यांच्या भाषेत, "चार गिऱ्हाइकांसाठी दुकान कोन मांडतंय?" मॅडमनी तात्यांकडे काही मागितलं नव्हतं. तात्यांनीच विचारलं होतं, "मॅडम, आज तुमीच आजारी दिसताय." त्यावर जे निघालं ते एवढं.

मग तात्या माझ्या दुकानात आले.

"लिव," म्हणाले. "पोरांच्या अंगातला केर निघत नाय अशा आजाराच्या संशोधनासाठी मदत करा. खाली लिव, ही मदत आमच्या नातीसाठी नाय. पुढं जलमणाऱ्या पोरांसाठी हाय."

मी हसलो. "तात्या, संशोधनाला कोण पैसे देतंय? देवळाला देतील, बैलाला देतील, एखाद्या पोराच्या ऑपरेशनला देतील. 'पुढं जन्मणाऱ्या' म्हणजे कोण? त्यांचं अजून आधार कार्ड नाही."

"नाय दिलं तर नाय दिलं."

"फोटो तरी घालू."

"फोटो नगं. तिचं तोंड बघून लोकं तिला पैसं देत्याल. तिला देऊन आता काय व्हनार नाय."

तात्या गेले आणि मी विचार केला, की म्हातारं साधं आहे, याला जाहिरात काय कळते. वाढदिवसाचा फोटो कॉम्प्युटरात होताच. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

यात्रेच्या दिवशी फ्लेक्स स्टेजच्या मागे बांधला. तात्यांचं तोंड घाटाकडे, पाठ फ्लेक्सकडे. दोन बाऱ्यांच्या मधे ते आपलं साधं निवेदन करत होते आणि लोक त्यांच्याकडे न बघता त्यांच्या डोक्यावर बघत होते. पैसे यायला लागले. गाडामालक आले, कांद्याचे व्यापारी आले, डिंगोऱ्याच्या एका म्हातारीने कनवटीची नोट काढून दिली आणि फ्लेक्सला हात जोडले. तात्या चक्रावले. माइक बाजूला धरून मला म्हणाले, "लोकं सुधारली रं." मी खालमानेने, पण छाती काढून उभा होतो.

तेवढ्यात कविता आली. इशूला कडेवर घेऊन गर्दीतून वाट काढत स्टेजच्या कडेला आली. चेहरा असा फुललेला की तसा मी तो नंतर कधी पाहिला नाही. तिने तात्यांचं धोतर ओढलं.

"मामा, औषद निगालं का वो? मॅडमचा फोन आलता का?"

"कुनी सांगितलं?"

तिने वर बोट केलं. तात्या वळले. दहा बाय आठ एवढी नात त्यांच्याकडे बघून हसत होती आणि तिच्या डोक्यावर लाल अक्षरांत 'वाचवा' होतं.

तात्यांनी माइकवर पंजा ठेवला. "नाय गं बाय," ते म्हणाले. "नाय निगालं."

कवितेने पोरीचं टोपरं सारखं केलं आणि ज्या वाटेने आली त्याच वाटेने परत गेली. गर्दी तिला वाट देत होती, हे जास्त वाईट होतं.

मग तात्यांनी पंजा काढला. "मंडळी, बारी थांबवा. मागं जे लिवलंय ते खोटं हाय. ही पोरगी वाचनार नाय. तुमचं पैसं तिला लागनार नाय. ते संशोधनाला जानार हायेत, आन त्याचं फळ कवा दिसंल ते ठावं नाय. चुकून दिलं आसंल त्यानं परत न्यावं." लोक एकमेकांकडे बघायला लागले. काही आले आणि मान खाली घालून घेऊन गेले. काहींनी ठेवलं. डिंगोऱ्याची म्हातारी म्हणाली, "दिलेलं परत घ्याया म्या काय सावकार हाय?" आणि उन्हातच बसून राहिली.

मला वाटलं तात्या शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो. ते म्हणाले, "चूक तुजी. तवा गाडी तुजी आन पेट्रोल बी तुजं. हितनं पुढं जिथं घाट तिथं तू."

कारण फोटो आता नुसता फ्लेक्सवर राहिला नव्हता. कुणीतरी तो मोबाइलवर काढला होता आणि 'इशूला वाचवा' दोन्ही तालुके फिरून पार मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत गेला होता. पुढचे दोन हंगाम आम्ही जाऊ त्या गावात पहिला प्रश्न तोच. "काय तात्या, पोरगी बरी झाली का?" विचारणारा मायेनेच विचारायचा. तात्या गाडीवरून उतरून उत्तर द्यायचे, "बरी नाय. व्हनार नाय. पैसं तिच्यासाठी नाय." दुसरा भेटायचा, पुन्हा तेच. मी एकदा म्हटलं, "तात्या, नुसतं 'चाललंय' म्हणा ना." म्हणाले, "तेवढ्यासाठीच तर तुला संगं आनलाय. तुजं ऐकायचं आन उलटं वागायचं."

थकायचे. हे मला हळूहळू दिसायला लागलं. दिवसभर उन्हात बाऱ्या पुकारायच्या, मधे संशोधनाचं सांगायचं, लोकांनी माना हलवून निघून जायचं. एखाद्या गावात खूप मिळायचं, एखाद्यात चहासुद्धा नाही. मिळेल ते दवाखान्यात भरायला चाकणच्या गर्दीत तासन् तास अडकायचं. तिकडे मॅडमही तशाच दमलेल्या. दोघं समोरासमोर बसले की कोण कुणाला धीर देतंय ते कळायचं नाही. एकदा मॅडम म्हणाल्या, "तात्या, यातून मला सहा महिने ढकलता येतील." तात्या म्हणाले, "ढकला. पुढचं मागून आनतो." मोठमोठी वाक्यं मी छापतो, पण एवढ्या लहान वाक्यांवर माणसं कामं चालू ठेवतात हे तिथे पाहिलं.

घरी इशू आता कुणाकडे बघत नव्हती. फक्त तात्यांनी "घास सुटलेला हाय" म्हटलं की मान थोडी वळायची. मग तीही वळेनाशी झाली. तात्यांनी घास पुकारणं मात्र सोडलं नाही. श्रावणात ती गेली. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तर तात्यांनी चहा गपगुमान घेतला. त्यांच्या मंडळींनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

चैत्रात यात्रा सुरू झाल्या. तात्यांचा फोन आला, "गाडी काढ." मी म्हटलं, "आता कशाला?" त्यांनी फोन ठेवला, म्हणून गाडी काढली.

पहिल्याच घाटात तात्यांनी माइक घेतला आणि संशोधनाचं सांगायला सुरुवात केली. एक गाडामालक उठला. माणूस वाईट नव्हता, आधी दोनदा पैसे दिलेला. "तात्या, राग मानू नका. पोरगी गेली. आता कुनासाठी मागताय?" असा प्रश्न मीही गाडीवर पुढे बसून मनात विचारतच आलो होतो.

तात्यांचा आवाज त्या दिवशी चढला नाही. "भाऊ, ह्यो घाट कुनी बांधला?"

"आमच्या आजोबांच्या येळच्या लोकांनी."

"त्यांची बैलं कुठं हायेत?"

"आता कुठली तात्या, कवाच मेली."

"आन आज कुनाची पळत्यात?"

गाडामालकाने खाली बांधलेल्या आपल्या बैलांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "माझा बैल मेला. घाट बांधायचा ऱ्हायलाय." आणि पुढची बारी पुकारली.

टाळ्या पडल्या नाहीत. नोटांचा पाऊसही पडला नाही. तो गाडामालक मात्र येऊन पैसे ठेवून गेला आणि परत जाऊन आपल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

उन्हं कलल्यावर एक बाई आली. वर भीमाशंकरच्या डोंगरातली, भातशेती करणारी. कडेवर पोरगा. दाट भुवया, जाडसर ओठ, आखडलेली बोटं. त्याला पाहून तात्या स्टेजवरून खाली उतरले. बाईने मोबाइल पुढे केला. त्यात माझा फ्लेक्स होता.

"ह्यी पोर तुमचीच ना? आमचा बी असाच दिसतो. कुनी म्हंतंय बाहेरचं हाय, कुनी काय. फोटू बघून आली. ही वाचली का?"

तात्यांनी पोराची बोटं हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. "नाय वाचली," ते म्हणाले. "औषद नाय याच्यावर. पन बाहेरचं बी नाय काय. पुण्याला येक मॅडम हायेत, त्या खरं सांगत्याल. पुढच्या पोराच्या येळंला काय करायचं ते बी सांगत्याल. भाड्याची काळजी करू नको."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती बसली नाही. "निदान नाव तरी कळंल," म्हणाली.

येताना मला राहवलं नाही. अर्ध्या वाटेत मी मागे वळून म्हटलं, "तात्या, काही म्हणा, माझा फोटो कामाला आला." तात्या म्हणाले, "फोटो इशूचा व्हता. तुजं फकस्त खोटं व्हतं. म्होरं बघ, खड्डा हाय." खड्डा होताच.

त्या हंगामानंतर तात्यांचा आवाज बसला तो उठला नाही. गेल्या माघात ते झोपेतच गेले. अभ्यास चालू आहे. औषध अजून नाही. डोंगरातल्या त्या बाईचा पोरगा मॅडमच्या नोंदीत आहे, आणि त्याच्या पाठीवरच्या बाळाची तपासणी वेळेत झाली, ते बाळ निरोगी आहे. तात्यांच्या जागी माइक कुणीतरी दुसरा घेतो. संशोधनाचं दोन बाऱ्यांच्या मधे कविता सांगते. तिचा आवाज लहान आहे, माइक तोंडाला लावून धरावा लागतो. गाडी अजून माझीच असते.

तात्यांच्या दहाव्याचा फ्लेक्स अर्थात मी केला. फार मन लावून केला. मजकूर लिहून कवितेला दाखवायला नेला : 'घाटाचा बुलंद आवाज हरपला. दोन्ही तालुके पोरके झाले. सह्याद्री ढसाढसा रडला.'

तिने दारातच उभं राहून सगळं वाचलं.

"काका, तालुकं पोरकं नाय झालं. कालच डिंगोऱ्याकडं गाडं पळालं. आन सह्याद्री कवा रडला?"

"बरं, मग काय छापू?"

"फोटो मोठा घ्या, नाव घाला. बाकीचं म्या सांगते ते लिवा," ती म्हणाली. "तुमचा काय भरवसा नाय."